दोन पेट्या आणि एक कबुलीजबाब

त्या पेटीचं वजन माझ्या हातांना अजून आठवतं. नोकरीत पुष्कळ मुद्देमाल उचलला, पण उचलताना छाती धडधडली असा एवढाच.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी सौंसरचा, संत्र्यांच्या मराठी मुलखातला. आठवी पास झालो, नववीत दोन महिने बसलो आणि शाळा सुटली. सुटली कशी ते वेगळं सांगायला नको, आमच्या वस्तीत बहुतेकांची तशीच सुटली. पुढे दिल्ली पोलिसांत भरती निघाली, उंची होती, धावता येत होतं, घेतलं. ऐंशीच्या दशकात मी तिथे हवालदार होतो आणि माझी नेमणूक सिटी बसच्या पथकात होती. साधे कपडे घालायचे, दिवसभर बसमधून फिरायचं आणि खिसेकापूंवर नजर ठेवायची. निवृत्त होताना उपनिरीक्षक होतो. घर दिल्लीतच झालं, त्यामुळे मराठी लिहिताना हात अडखळतो. चूक दिसली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

भीती हा माझा जुना आजार. रोजनामचा, म्हणजे चौकीची रोजची नोंदवही, लिहायला मी टाळायचो, कारण बाकीचे दहावी-बारावी झालेले. आमचे चौकी इन्चार्ज हरियाणाचे होते. आवाज ढोलासारखा, पण माणूस मोठा. त्यांनी मला शेजारी बसवून अहवाल लिहायला शिकवला. "जे पाहिलं ते लिही, जे वाटलं ते मला येऊन सांग," एवढाच त्यांचा नियम. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. दुपारी एकच्या सुमाराला मी नवी दिल्ली स्टेशनाजवळच्या आमच्या चौकीत पाणी प्यायला शिरलो. आत एक बाई मोठ्याने बोलत होती. पंचेचाळीसच्या आसपासची, निळं लुगडं, उन्हाने रापलेला चेहरा. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. समोर जमिनीवर संत्र्याची लाकडी पेटी.

इन्चार्ज साहेब कपाळाला हात लावून बसलेले. मला पाहून म्हणाले, "ये. ही तुझ्या मुलखाची दिसते. मला एवढंच समजलं की हिला संत्री मिळाली आणि म्हणून ही रडते आहे."

"रडून नाई राहिली मी," बाई कडाडली. "बोलून राहिली!"

ती माझ्या घरची बोली होती. तीन वर्षं मी गावी गेलो नव्हतो.

मी विचारलं, "मावशी, कोणतं गाव?"

"बोरगाव. सौंसरजवळचं."

"मी सौंसरचाच."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साधा शर्ट, पायात चप्पल. "तू पोलीस हायेस? मले वाटलं तुलेच पकडून आनलं."

चौकीतले सगळे हसले. भाषा कळली नव्हती तरी हसले. मग मी पाणी दिलं, स्टूल दिलं आणि सगळं क्रमाने विचारून घेतलं.

बोरगावात शेतमजुरांनी आपल्या हाताने विहार बांधला होता. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर विटा वाहून बांधला. दिल्लीच्या दक्षिण टोकाला एका विहारातल्या भन्तेजींनी त्यासाठी पितळेची बुद्धमूर्ती द्यायचं कबूल केलं होतं. चौदा एप्रिलला मूर्ती बसायची होती. आणायला कोणी जायचं यावर गावात बैठक झाली. भन्तेजींना पत्रं या मावशीने लिहिली होती, म्हणून भन्तेजींनी तिलाच बोलावलं होतं. पण समितीतले पुरुष म्हणाले, एवढ्या दूर, बाईच्या हाती मूर्ती कशी द्यायची? विरोध करणाऱ्यांत पहिले तिचे सासरे. शेवटी तडजोड झाली, सून जाईल आणि राखणीला सासरे जातील. भिंतीला टेकलेले म्हातारे तेच.

"मी पांढुर्ण्यात हंगामाले संत्र्याच्या पेट्या भरते," मावशी म्हणाली. "वीस वर्सं झाली. म्हनून मीच म्हटलं, मूर्ती संत्र्याच्या पेटीत भरू. गवत लावू, खिळे ठोकू. दिल्लीत चोर फार, पन संत्री कोन चोरते? पेटी मी घरूनच घेऊन आली होती."

युक्ती चांगली होती. सकाळी मूर्ती भरून दोघं सिटी बसमध्ये चढले. पेटी पुढे ड्रायव्हरजवळ इंजिनाच्या झाकणाशी ठेवली. गर्दीत मावशीला मागे जागा मिळाली, सासरे पुढे पेटीजवळ उभे. नवी दिल्ली स्टेशन आलं, सासऱ्यांनी पेटी उचलली आणि दोघं उतरले. रात्र फलाटावरच काढायची होती, तिकडे जाताना म्हाताऱ्यांचे हात दुखले म्हणून मावशीने पेटी घेतली. उचलल्याबरोबर तिला कळलं.

"आतलं हाललं. मूर्ती मी अशी आवळली होती का हालनारच नाई. हालते ते संत्रं."

फळी उचकटली, तर खरंच संत्री.

"चोरी हाय जी, चोरीच," सासरे पहिल्यांदा बोलले. "कोनीतरी पेटी बदलवली. मी तर नजर हालू देल्ली नाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची त्यांची गाडी होती. ती चुकली तर चौदा तारीख चुकणार. मावशी मला हळू आवाजात म्हणाली, "मूर्ती नाई सापडली, तर गावात यापुढे कोन्या बाईले कोनतं काम सांगतीन का रे? आयुष्यभर हेच आयकवतीन, बाईच्या हाती देल्ली अन् हारपली." तिचे डोळे कोरडे होते. हात मात्र लुगड्याच्या पदराची गाठ सोडत-बांधत होते.

साहेब म्हणाले, "चोरीचा गुन्हा कसा लिहू? चोर पेटी नेतो आणि बदल्यात भरलेली पेटी ठेवून जातो? हरवल्याची नोंद करतो. आणि तू, उद्या दुपारपर्यंत मोकळा. बघ काय होतं."

मी जेवढा आनंदलो तेवढाच घाबरलो. आजवर मी पाकिटं शोधली होती. ही माझ्या गावच्या लोकांची अब्रू होती. फसलो असतो, तर सौंसरला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

पहिलं काम तिकिटाचं. मी विचारताच मावशीने पदराची गाठ सोडून दोन तिकिटं पुढे केली. नवख्या माणसांनी तिकीट जपून ठेवलेलं असतं, शहरातला माणूस फेकून देतो. तिकिटावर क्रमांक असतो आणि कोणत्या वाहकाला कोणत्या क्रमांकाची तिकिटं दिली ते डेपोत लिहिलेलं असतं. दोन तासांत मी त्या बसच्या वाहकासमोर उभा होतो. तो मागच्या दाराशी बसणारा, त्याला पुढच्या पेट्या कशा दिसणार? पण जाता जाता त्याने कामाची खबर दिली.

"तुमचा तो जुना गिऱ्हाईक होता ना माझ्या बसमध्ये. पुढेच उभा होता. आज हात मारला की नाही माहीत नाही."

जुना गिऱ्हाईक म्हणजे एक नामी खिसेकापू. चार वेळा मीच पकडलेला. दर आठवड्याला त्याला चौकीत हजेरी लावावी लागायची आणि नशिबाने तो दिवस दुसऱ्याच दिवशी होता.

त्या रात्री मावशी आणि सासरे चौकीमागच्या धर्मशाळेत राहिले. पेटी मुद्देमाल म्हणून चौकीत ठेवली. सकाळी येऊन पाहतो तर आमचे दोन शिपाई बोटं चाटत होते आणि मावशी त्यांच्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभी.

"चार संत्री खाल्ली यायनं! पोलीस हाय का वांदर?"

शिपाई म्हणाला, "ताई, तपासासाठी चाखलं."

"मंग सांग, काय तपास लागला?"

"गोड आहेत."

मी मात्र थंड पडलो. मुद्देमालात चार संत्री कमी, आता नोंदीत काय लिहायचं? साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिही, चार नग खराब झाल्याने नष्ट केले." मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "नको, खोटं नको. लिही, चार नग कमी आढळले. कोणी विचारलं तर मी बघतो."

दहा वाजता खिसेकापू आला. पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला पेपर. सफाई तीच. मी त्याला बाकावर बसवलं आणि काल तू त्या बसमध्ये होतास, पेटी कोणी नेली, असं सरळ विचारलं.

त्याला मनापासून वाईट वाटलं. "हवालदार साहेब, मी पेटी उचलीन? हमाल आहे का मी? जे पेपराखाली मावतं ते माझं, जे मावत नाही त्याच्याशी माझा संबंध नाही. पंधरा वर्षं हे तत्त्व पाळलं."

"तत्त्व राहू दे. काय पाहिलंस ते सांग."

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. खिसेकापूसारखा साक्षीदार नाही. बसमधले बाकीचे लोक खिडकीबाहेर बघतात, तो एकटाच माणसं बघतो. कोणाचा हात कुठे आहे, कोण जागा, कोण पेंगतो, हे त्याच्या डोक्यात छापलेलं असतं. मी त्याला चहा पाजला, धमकी दिली नाही. तो डोळे मिटून बोलू लागला.

"दोन पेट्या होत्या. अगदी सारख्या. एक या बाबाजींची. दुसरी एका गावाकडच्या माणसाची, तो वाटेतल्या दुसऱ्या एका स्टेशनाजवळ चढला होता, रेल्वेतून उतरून आलेला. डोळ्यांत झोप. वय तिशीचं, बंडी घातलेली, खिसाच नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे दोनदा पाहिलंही नाही. रेल्वे क्वार्टरचा थांबा कधी येईल म्हणून त्याने तीनदा विचारलं. थांबा आला तेव्हा दचकून उठला, आपल्या जागेवरची पेटी उचलली आणि उतरला."

"आपल्या जागेवरची? मग बदलली कशी?"

भिंतीला टेकलेल्या सासऱ्यांकडे त्याने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याच्या आधी बाबाजींनी पेट्या हलवल्या होत्या ना. यांच्या पेटीवर काचेतून ऊन येत होतं. यांनी ती उचलून सावलीत ठेवली आणि त्याची पेटी उन्हात सरकवली. मला तेव्हाच हसू आलं होतं, संत्र्यांची एवढी काळजी!"

हे सगळं हिंदीतच झालं होतं, तरी म्हाताऱ्यांना अक्षर न् अक्षर समजलं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बुद्धावर ऊन येऊन राह्यलं होतं," ते एवढंच म्हणाले.

मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही फाडून खाईल. काल चोरी-चोरी म्हणून जगाला सांगणारा हा माणूस, हिच्यावर राखणीला बसवलेला. पण ती उठली, मडक्यातून पेलाभर पाणी घेतलं आणि सासऱ्यांच्या हातात दिलं.

"प्या, मामाजी. गरम होऊन राह्यलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चोर नाई तर नाई. तो मानूस शोध आता."

रेल्वे क्वार्टर म्हणजे काही शे घरांची वसाहत. दारोदार विचारत फिरलो तर संध्याकाळ होणार, गाडी जाणार. मी काळजीने नखं खात बसलो. मावशीने पेटी पुढे ओढली, फळी काढली आणि एकेक संत्रं बाहेर ठेवायला लागली.

"काय करून राहिल्या?" मी विचारलं.

"पेटी वाचून राहिली. तू कागद वाचतं ना, तसं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे व्यापाऱ्याचं भरणं नाई. व्यापारी मोठी संत्री वर लावते, बारकी खाली दडवते. हे उलटं हाय. चांगली खाली, बारकी वर, म्हंजे रस्त्यात दबली तर बारकी दबावी. घरच्या बाईनं भरली हे. कोनाले तरी मायेनं पाठवली."

तळाशी गवतात तिचा हात थांबला. तिने एक लहान गाठोडं बाहेर काढलं. जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं झबलं आणि टोपडं.

मावशीचा चेहरा एकदम उजळला. "अव माय! लेकरू झालं हाय तिथी!"

साहेबसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आले.

"पन बाळंतिणीले तं संत्रं देत नाई," ती स्वतःशीच बोलत होती. "थंड पडते. मंग इतली कायले? हां! बारशाले वाटाले! झबलं अजून घातलं नाई, बारसं झालं नाई. म्हंजे लेकरू बारा दिवसांच्या आतलं. चाल लवकर, ऊठ. मले त्या कॉलनीत ने."

"शेकडो घरं आहेत मावशी. कसं ओळखणार?"

"नाकानं."

पुढचा तास माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात मजेचा तास. पुढे मावशी, नाक वर. मागे मी, डोक्यावर संत्र्यांची पेटी. माझ्यामागे सासरे. त्यांच्यामागे तो खिसेकापू. त्याची हजेरी संपली होती, तरी तो आला. "शेवट पाहिल्याशिवाय झोप लागणार नाही," म्हणाला. मी त्याला बजावलं, हात मागे बांधून चाल. तो खरंच हात मागे बांधून चालला.

आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला निखाऱ्यांवर ओवा, शेपा आणि लसणाची सालं टाकून धुरी देतात. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. पहिल्या दोन रांगांमध्ये फोडणीचे वास आले. तिसऱ्या रांगेत मावशी थांबली. मीही थांबलो. मला आईची आठवण आली, इतका तो वास ओळखीचा होता. कोपऱ्यावरच्या घराच्या चौकटीला कडुलिंबाची डहाळी खोचलेली होती.

"हेच," मावशी म्हणाली.

मी कडी वाजवली. दार उघडलं तिशीतल्या एका माणसाने, अंगात बंडी. मी ओळख सांगितली. पोलीस म्हटल्याबरोबर तो भिंतीसारखा पांढरा पडला आणि हात जोडून उभा राहिला.

"साहेब, म्या चोरली नाई! आईची आन! पेटी उघडली तं आत मूर्ती! दोनदा बसच्या थांब्यावर जाऊन आलो, पन पोलिसात जायची छाती नाई झाली. मूर्तिचोर म्हनून आतच टाकतीन मले!"

मी त्याला सांगितलं, घाबरू नकोस, मीही तुझ्याइतकाच घाबरलो होतो. ते खरं होतं. आत त्याची बहीण बाजेवर बसली होती, कानाला रुमाल बांधलेला, मांडीवर लेकरू. त्याची आई निखाऱ्यांचं घमेलं घेऊन उभी. बहिणीचा नवरा ड्युटीवर गेलेला. आणि कोपऱ्यात ट्रंकेवर, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर बुद्ध बसलेले. पुढे दोन झेंडूची फुलं आणि छोटा दिवा.

बहीण हळू आवाजात म्हणाली, "दादा म्हणत होता, परत पेटीत झाकून ठेवू. मीच नाही म्हटलं. घरी आलेल्या पाहुण्याले कोणी पेटीत ठेवते का?"

मावशी मूर्तीपुढे गुडघ्यावर बसली. आता मात्र तिला रडू आवरेना. दोन दिवसांचं सगळं तिथे सांडलं. म्हातारे दाराशीच उभे राहिले, आत यायला धजेनात.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि त्या भावाकडे वळली. "गाव कोनतं रे तुझं?"

"सावरगाव. पांढुर्ण्याच्या नदीपल्याड."

"वा रे वा! तुमच्या गावची पोरगी पांढुर्ण्यावाल्यानं पळवली म्हनून दरसाली जाम नदीवर एकमेकाले गोटे मारता, अन् तुमी आमचा बुद्ध पळवून आनला?"

"मावशी, आमी पळवला नाई, तुमीच आमची संत्री पळवली! वैनीनं दोन दिवस बसून भरली होती."

"मले मालूम हाय. चांगली भरली. पन खिळे तिरपे ठोकले, सांगजो तिले."

सगळे हसले. लेकरू दचकून रडायला लागलं. आज बारसं होतं आणि घरात वाटायला काही नव्हतं, म्हणून आई सकाळपासून उदास होती. मी पेटी तिच्यापुढे ठेवली आणि सांगून टाकलं, यात चार संत्री कमी आहेत, ती सरकारच्या पोटात गेली.

दुपारी बारसं झालं. आजूबाजूच्या पंजाबी, बंगाली, मद्रासी शेजारणी आल्या. मावशीने पाळणा म्हटला, अर्धा तिला आठवला, अर्धा तिने तिथेच जुळवला आणि त्यात मलाही कुठेतरी बसवलं. खिसेकापूने संत्री वाटली. मी त्याच्या हातांवर डोळा ठेवून होतो, पण त्याने एकही गडबड केली नाही. जाताना त्याने एक संत्रं मागून घेतलं. चार वेळा पकडलेल्या माणसाला मागून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं. लेकराचं नाव सांगत नाही, इथे मी कोणाचंच सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो, त्या दिवशी ट्रंकेवर जो पाहुणा बसला होता, त्याच्यावरूनच ठेवलं.

मूर्ती मावशीने पुन्हा स्वतः भरली. खिळे सरळ ठोकले. चौकीत साहेबांनी नोंद बंद केली आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. रजेचा अर्ज होता, माझ्या नावाचा, त्यांनीच लिहिलेला.

"पेटी दोन माणसांकडे सोपवून गावाने बघितलं ना? आता तिसरा तू सोबत जा," ते म्हणाले. "आईला भेटून ये."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

गाडीत ती पेटी आम्ही खाली ठेवलीच नाही. आलटून पालटून मांडीवर घेतली. पांढुर्ण्याला उतरलो, तिथून बसने सौंसर, आईला घेतलं आणि बोरगाव. आई वाटभर माझा हात धरून बसली होती, लहान मुलाचा धरतात तसा.

चौदा तारखेला सकाळी विहारापुढे सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. निळे झेंडे, लेझीम, पोरींच्या केसांत फुलं. पेटी मधोमध ठेवली. आधी त्रिशरण झालं, पंचशील झालं. म्हातारेकोतारे, लहान लेकरं, सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं. मग समितीचे अध्यक्ष मावशीच्या सासऱ्यांना म्हणाले, "बावाजी, रस्त्यात काही अडचण तं नाई आली? बाई सोबत होती म्हनून इचारतो."

मावशी चटकन बोलली, "काही नाई आली जी. मामाजीनं पेटी हातची खाली ठेवलीच नाई."

मी खाली पाहिलं. मनात म्हटलं, ठीक आहे, घरची गोष्ट घरात राहिली.

पण म्हातारे उभे राहिले. टोपी काढली. "आत्ताच सगळ्याइनं म्हटलं ना, खोटं बोलनार नाई म्हनून? मंग मले बोलू द्या. सून खोटं बोलून राह्यली, माह्यासाठी. पेटी मी खाली ठेवली होती. मीच सरकवली, मीच बदलवली, अन् वरतून चोरी झाली म्हनून ओरडलो. मूर्ती हारपली होती. हिनं शोधली. हिच्या हाती देऊ नका म्हननारा मीच होतो."

मग मागच्या रांगेतून कोणी म्हातारी म्हणाली, "मंग आता पेटी कोन उघडन, तेई सांगा!" आणि बायकांमध्ये असा हशा पिकला की लेझीमवाल्यांनी न सांगताच ताल धरला.

सासऱ्यांनी हातोडी मावशीच्या हातात दिली. तिने एकेक खिळा काढला.

पुढे पुष्कळ वर्षं मी नोकरी केली. कबुलीजबाब शेकडो घेतले. रात्र रात्र बसून, चहा पाजून, गोड बोलून, कधी आवाज चढवून. माणूस खरं का बोलतो, याचा मी नेहमी विचार करतो. मी आठवी पास माणूस, मोठं तत्त्वज्ञान मला येत नाही. पण एवढं पाहिलं, की घाबरलेला माणूस दडवतो आणि ज्याला कोणीतरी सांभाळून घेतलं त्याला दडवणं जड होतं. त्या भावाला बहिणीने सांभाळलं, मला साहेबांनी, म्हाताऱ्यांना पेलाभर पाण्याने. म्हणून चौकशीला कोणी आलं, की मी आधी पाणी द्यायचो. नवीन पोरं हसायची. त्यांना वाटायचं, ही माझी युक्ती आहे.

कोणी न विचारता दिलेला कबुलीजबाब मी आयुष्यात एकच ऐकला. तो कोणत्याही कागदावर नाही, म्हणून इथे लिहून ठेवला.